एकदाच नको

वडनेर भोलजीच्या बाजारगल्लीत ‘अध्यक्ष’ अशी हाक मारली की हार्डवेअरच्या दुकानातून एकच मान वर यायची, भगवानरावांची. नावानं हाक मारणारं त्यांना आता कोणी उरलं नव्हतं. अन्नपूर्णाबाई बायको म्हणून आधीपासूनच नाव घेत नव्हत्या, आणि गल्लीतल्या गणेश मंडळाचं अध्यक्षपद गळ्यात पडल्यापासून बाकीच्यांनीही ते टाकून दिलं. अशा माणसाच्या पोटी ऋत्विक जन्माला आला. या पोराला चार माणसांपुढे उभं केलं की घशाला कोरड पडायची आणि हात खिशात पेचकस शोधायला लागायचा.

पेचकस हाती आला की मात्र तोच ऋत्विक निराळा. लहानपणापासून दुकानातल्या नटबोल्टांत वाढलेला. पंख्याची घरघर नुसती कानानं ऐकून बेअरिंग गेलंय की कंडेन्सर, हे सांगायचा. आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि आठवडाभर शनिवारची वाट बघायचा. शनिवारी दुपारी महाविद्यालयाच्या जुन्या प्रयोगशाळेत दुरुस्ती चालायची.

ही दुरुस्ती सुरू केली रुपालीनं. ती त्याच्याच वर्गातली, घरचं मिरची-वांग्याचं वावर. ऐन फवारणीत त्यांचा बॅटरीचा पंप बंद पडला आणि मेकॅनिक आज देतो, उद्या देतो करत राहिला. शेवटी रुपालीनं पंप परत आणला, चांगला तीनतीनदा धुतला, पाठीवर टाकला आणि सरळ कॉलेजात येऊन भौतिकशास्त्राच्या चारुलता मॅडमना विचारलं, हा इथं उघडला तर चालेल का. मॅडम बुलढाण्याच्या, शिस्तीच्या. पण त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून दिलं. रुपालीनं आणि ऋत्विकनं पंप उघडला तर आत एक तार सुटलेली, बाकी काही नाही. ती जोडल्यावर पंपानं जी पिचकारी मारली ती थेट मॅडमच्या पदरावर. मॅडम हसल्या. मंडळाचा जन्म खरं तर तेव्हाच झाला, नाव मिळायच्या कितीतरी आधी.

मग काय, गावाला वाटा माहीतच असतात. कोणाचा मिक्सर, कोणाची इस्त्री, कोणाचा लग्नात आलेला आणि तेव्हापासून न फिरलेला टेबलफॅन. हात लावायला आठ-दहा पोरंपोरी जमू लागली. त्यात कुलदीपही होता, ऋत्विकचा पहिलीपासूनचा मित्र. कुलदीपच्या तोंडाला जेवढी धार होती तेवढाच हात बोथट. त्यानं फिरवलेल्या स्क्रूचे आटे जायचे. म्हणून त्याला भिंतीवरच्या स्विचबोर्डाजवळ उभं केलेलं. वस्तू तपासायची वेळ आली की तो तिथून विचारायचा, ‘देऊ का?’ ज्याचा हात वस्तूत असेल त्यानं ‘दे’ म्हणायचं किंवा ‘नको’.

सुरुवातीला हे नुसतंच बोलणं होतं. एकदा रुपाली पंख्याची पाती बसवत होती. कुलदीपनं विचारलं, ती हसत हसत ‘नको नको’ म्हणाली, आणि ती हसली म्हणून या शहाण्यानं ते मनावर घेतलं नाही. दिला करंट. पात्याचा तडाखा बसून तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. रुपाली रडली नाही, पण कुलदीप रडला, आणि त्या दिवसापासून त्या खोलीत ‘नको’ म्हणजे नको झालं. हसत म्हटलेलं असो की चिडून, एकदाच म्हटलेलं असो की हळू. कुलदीप ते ऐकल्याबरोबर बोर्डावरचा हात काढून पाठीमागे बांधायचा.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना प्राचार्यांची नजर पडली, तीही कौतुकाची. कौतुक हे फार महागात पडतं. ते म्हणाले, ही खोली तुम्हाला कायमची देतो, किल्लीसकट, पण रीतसर मंडळ करा. रचना ठरवा, पदाधिकारी निवडा आणि शनिवारी मला अध्यक्षाचं नाव द्या. नाव नसेल तर खोली क्रीडा विभागाला जाईल, त्यांच्या जाळ्या आणि चेंडू ठेवायला.

रचना आखायचं काम मॅडमनी ऋत्विकवर टाकलं. कारण सरळ होतं. ज्याचा बाप अध्यक्ष, त्याला मंडळ कसं असतं ते माहीत असणारच. ऋत्विकनं दुकानाच्या गल्ल्यामागे बसून पहिला आराखडा केला तो अर्थातच गणेश मंडळाचा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, प्रसिद्धिप्रमुख, मार्गदर्शक, सल्लागार. कोणी रुसायला नको म्हणून तो पदं वाढवत गेला. शेवटी मोजलं तर पदं माणसांपेक्षा जास्त झाली होती. मॅडमनी तो कागद शांतपणे वाचला आणि एवढंच विचारलं, “आणि पंप कोण उघडणार?”

कागद तिथंच टोपलीत गेला. पण खरं संकट रचनेचं नव्हतंच. बुधवारी मधल्या सुट्टीत सगळे जमले तेव्हा कुलदीप उठला आणि म्हणाला, अध्यक्ष आपला ऋत्विक, रक्तातच आहे त्याच्या. टाळ्या पडल्या. ऋत्विक म्हणाला, मला नको. सगळे हसले. त्यानं पुन्हा सांगितलं, खरंच नको. तर ते आणखी मायेनं हसले.

आता यात पोरांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे ‘नको’ हा शब्द उंबऱ्यासारखा आहे. त्यावर घडीभर थांबायचं असतं, आत यायचंच असतं. पंगतीत पुरणपोळीला हात आडवा करावा लागतो, नाहीतर हावरट ठरतो. मानाच्या खुर्चीलाही तसाच हात आडवा करावा लागतो. पहिलं नको रीतीचं, दुसरं लोकांसाठी, आणि तिसऱ्याला मान खाली घालायची ती हार घालणाऱ्याला सोपं जावं म्हणून. भगवानराव दरवर्षी अगदी असंच करत आले होते. तेव्हा अध्यक्षांच्या पोरानं नको म्हणणं म्हणजे पोराला वळण चांगलं आहे, एवढाच अर्थ सगळ्यांनी काढला.

त्याच बैठकीत मॅडमनी रुपालीलाही विचारलं होतं. तीही म्हणाली, “नको मले.” आणि तिचं मात्र सगळ्यांनी पहिल्या फटक्यात ऐकलं. कोणी आग्रह केला नाही, कोणी हसलं नाही. बरं बरं, मग तू आभार मान आणि दारात रांगोळी काढ, असं ठरूनही गेलं. तिच्या हातात तेव्हा इस्त्रीचा स्क्रू होता. तो फिरायचा थांबला. ऋत्विकनं ते पाहिलं, आणि घरी जाईपर्यंत त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही.

गुरुवारी त्यानं तिला गाठलं. सायकल स्टँडपाशी उभं राहून सरळ विचारलं, तुला व्हायचंय का अध्यक्ष? रुपाली म्हणाली, नको बे. ऋत्विक तिच्या तोंडाकडे बघत राहिला. हे नको कोणतं, रीतीचं की खरं, हे त्याला कळेना. तार तुटलेली आहे की जोडलेली, हे बघायला मीटर असतं, टोक लावलं की ते वाजतं. माणसाच्या जिभेला असलं काही लावता येत नाही. त्यानं आपलं सांगितलं, माझं नको अगदी खरं आहे. त्यावर रुपाली म्हणाली,

“तुह्यं नको कोनी खरं मानत नाई, आन माह्यं कोनी खोटं मानत नाई.”

एवढं बोलून ती सायकलवर बसून निघून गेली. ऋत्विकला आतून लाज वाटली. आपण विचारलं हे बरं केलं, पण चुकीच्या तऱ्हेनं विचारलं, असं त्याला वाटत राहिलं.

त्याला पद का नको होतं? भाषण करता येत नाही, हे झालं वरवरचं कारण. आतलं कारण त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. लहान असताना त्यानं बाबांना मिरवणुकीत ढोल वाजवताना पाहिलं होतं. बाजारगल्लीच्या पथकात भगवानराव पुढे आणि त्यांचा जोडीदार उकंडराव शेजारी. दोघं असे वाजवायचे की घराच्या खिडक्या थरथरायच्या आणि आई दारात उभी राहून ‘पुरे झालं’ म्हणत हसायची. मग बाबा अध्यक्ष झाले. अध्यक्षानं ढोल बडवायचा नसतो. अध्यक्षानं फेटा बांधून ट्रॅक्टरवर पाहुण्यांशेजारी बसायचं असतं. गेली कित्येक वर्षं बाबा ट्रॅक्टरवर बसून खाली ढोलाकडे बघत असतात आणि त्यांची बोटं मांडीवर हळूहळू वाजत असतात. ऋत्विकला ती बोटं दिसायची. आपल्या हातातला पेचकसही असाच जाईल आणि आपण टेबलामागे खुर्चीवर बसून दुसऱ्यांनी उघडलेले पंखे बघत राहू, अशी त्याला भीती होती.

शुक्रवारी संध्याकाळी तो दुकानात गेला तर बाबांनी काउंटरवर काहीतरी लांबलचक पसरलं होतं. फ्लेक्स. कुलदीपनं बातमी पोचवली होती, आणि भगवानरावांनी तिसऱ्या नकोची वाटही न बघता नांदुऱ्याहून छापून आणला होता. ‘दुरुस्ती मंडळाच्या अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, खाली ऋत्विकचा बारावीतला फोटो, आणि कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून खुद्द भगवानराव, हात जोडून. निवड उद्या होती. आपल्या गावात अभिनंदन निवडीच्या पुढे धावतं, त्याला कोणाचा इलाज नाही.

“बाबा, मले नको आहे ते,” ऋत्विक म्हणाला.

भगवानरावांचा चेहरा अभिमानानं उजळला. “शाब्बास. असंच म्हनाचं. मी बी पहिल्या वर्षी असंच म्हनलो होतो.”

रात्री जेवताना आईनं दुसरी भाकरी वाढली, ऋत्विकनं हात आडवा केला, तरी ताटात पडली. नेहमीसारखीच. त्यानं ती खाल्ली आणि मनात म्हटलं, उद्या अध्यक्षपणही असंच गिळावं लागणार.

शनिवारी दुपारी खोली भरलेली होती. ऋत्विकनं रचनेचा नवा कागद आणला होता, त्यावर फक्त तीन ओळी. मंडळाला एक अध्यक्ष असेल. अध्यक्ष धरून सगळ्यांनी दुरुस्ती करायची, त्यातून कोणाला सुट्टी नाही. आणि वस्तू जो उघडेल, ती बंद होईपर्यंत त्या वस्तूपुरता त्याचा शब्द शेवटचा, अध्यक्षाच्याही वरचा. मॅडमना ते आवडलं. पोरांनाही आवडलं, कारण असंच तर ते आजवर करत आले होते. मग मॅडम म्हणाल्या, “छान. आता अध्यक्ष निवडायचा कसा, ते यात नाही.”

ते त्याला सुचलंच नव्हतं. आणि सुचायची गरजही कोणाला वाटत नव्हती, कारण कुलदीप उभा राहिला होता. त्याच्या पिशवीतून झेंडूचा हार बाहेर डोकावत होता. तो म्हणाला, ऋत्विकचं नाव मी पुन्हा मांडतो. टाळ्या झाल्या. ऋत्विक म्हणाला, नको. मागून कोणीतरी खुशीत म्हणालं, एक झाला. ऋत्विक म्हणाला, अरे मला खरंच नको आहे.

“दोन झाले,” मागचा आवाज म्हणाला. “एक राह्यला.”

सगळी खोली हसली. कुलदीपनं हार पिशवीतून काढला आणि तो दोन्ही हातांत धरून पुढे निघाला. वाटेत भिंतीवरचा बोर्ड होता. सवयीनं त्याची पावलं तिथं किंचित अडली, आणि ऋत्विकच्या डोक्यात एकदम काहीतरी वाजलं. मीटरचं टोक नीट बसावं तसं.

“कुलदीप, हार ठेव,” तो म्हणाला. “बोर्डाजवळ उभा राह्य. स्विचवर हात ठेव. आन तिथून विचार मले.”

कुलदीपला वाटलं, काहीतरी गंमत आहे. तो हसत हसत गेला, हार टेबलावर टाकला, स्विचवर बोट ठेवलं. बोट ठेवल्याबरोबर मात्र त्याचं हसू आपोआप मावळलं. त्या जागेची त्याला सवयच तशी लागली होती. त्यानं रुपालीच्या अंगठ्याकडे पाहिलं. नख अजून अर्धंच आलेलं होतं.

“देऊ का?” त्यानं विचारलं.

“नको,” ऋत्विक म्हणाला.

कोणी हसलं नाही. ‘तीन झाले’ असंही कोणी म्हणालं नाही. कुलदीपनं हात काढला, पाठीमागे बांधला आणि खाली मान घालून म्हणाला, त्याला नको आहे रे. बस्स, एवढ्यावर संपलं. इतक्या दिवसांचं ओझं इतक्या सहज उतरलं की ऋत्विकला आधी खरंच वाटेना. मग त्याचे खांदे खाली आले, छातीत वारं शिरलं, आणि उगाचच हसू फुटलं. आपलं म्हणणं कोणीतरी ऐकतं तेव्हा किती बरं वाटतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

मॅडम भिंतीला टेकून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, मग सगळ्यांनाच असं विचारा. हीच चौथी ओळ लिहा. आग्रह करायचा नाही, लाजायचं नाही, एकदाच उत्तर द्यायचं.

कुलदीप एकेकाचं नाव घेऊन विचारू लागला. नको, नको, नको. ज्यानं त्यानं म्हणून टाकलं आणि मोकळा झाला. पहिल्या वर्षाच्या प्रेमनं ‘दे’ म्हटलं आणि आपणच दचकला. मग रुपालीची पाळी आली. ती टेबलफॅन उघडून बसली होती, मनगटापर्यंत हात आत. नियम ऋत्विकनंच केला होता. आता तिनं सवयीनं नको म्हटलं तर तेच शेवटचं, आणि पुढे वर्षभर आभार आणि रांगोळी. त्याला वाटलं, ओरडून सांगावं तिला. पण आग्रह बंद होता.

“रुपाली, देऊ का?”

ती पंख्याकडे बघत राहिली. हाच प्रश्न ती दर शनिवारी कितीदा ऐकायची, आणि काम नीट झालं असलं की खणखणीत आवाजात उत्तर द्यायची. त्यात कधी लाजली नव्हती.

“दे,” ती म्हणाली. मग हात बाहेर काढून, थोड्या बारीक आवाजात, “पायजे मले. पहिल्यापासून पायजे होतं.”

दोन जणांनी ‘दे’ म्हटल्यामुळे हात वर करून मोजावं लागलं. प्रेमला स्वतःचंही मत पडलं नाही, कारण तोवर त्यानंही रुपालीसाठी हात वर केला होता. कुलदीपनं हार उचलला, तर नव्या अध्यक्षानं पहिला हुकूम सोडला की तो दारावर बांध, पंख्याच्या जवळपास आणू नको. प्राचार्यांकडे नाव गेलं आणि किल्ली आली. ऋत्विकला इतकं हलकं वाटत होतं की त्यानं त्या आनंदात दोन इस्त्र्या लागोपाठ उघडल्या.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला, आणि ऋत्विकच्या हातातला पेचकस थबकला. भगवानराव दारात उभे होते. एका काखेत गुंडाळलेला फ्लेक्स, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. दारावर हार बघून त्यांना आधी आनंद झाला. मग त्यांनी पोराकडे पाहिलं, तर पोरगं खाली जमिनीवर बसलेलं, बोटं काळी आणि गळा मोकळा.

कुलदीपनं पुढे होऊन एका दमात सगळं सांगून टाकलं. बोर्ड, स्विच, देऊ का, नको. भगवानराव ऐकत होते. ऋत्विकला वाटलं, आता बाबा म्हणतील की घराण्याचं नाव घालवलंस. पण त्यांनी कुलदीपलाच विचारलं,

“म्हंजे हा एकदाच नको म्हनला?”

“तसं म्हनला तीनदा. पन बोर्डाजवळचं एकच धरलं.”

“आन तुमी आयकलं?”

“आयकावंच लागते काका. नाईत हात जाते समोरच्याचा.”

भगवानरावांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा रुपालीच्या हातावर ठेवला. फ्लेक्सचं काय करायचं हा प्रश्न उरला. रुपालीनं तो हात लावून पाहिला आणि म्हणाली, काका, हा उलटा अंथरला तर पांढऱ्यावर बारके स्क्रू लगेच सापडतील. भगवानरावांनी स्वतः वाकून तो जमिनीवर पसरला, चारी कोपरे ओढून सरळ केले. आपल्याच जोडलेल्या हातांच्या फोटोवर मांडी घालून ते बसले, आणि एका मिक्सरचं झाकण खोलायला त्यांनी ऋत्विकला मदत केली. अन्नपूर्णाबाईंनी जेवणाला फोन केला तेव्हा कुठे उठले.

परत जाताना मोटरसायकल चालवता चालवता ते म्हणाले की पुढच्या रविवारी गणेश मंडळाची सभा आहे, तू चल. ऋत्विक म्हणाला, मी कशाला? भगवानरावांनी गाडी थोडी हळू केली.

“तू फक्त विचारजो,” ते म्हणाले. “बाकी मी पाहतो.”

सभा मारुतीच्या पारावर भरली, दरवर्षीसारखीच. मंडळाचे सचिव चिंतामण गुरुजी उठले आणि म्हणाले की अध्यक्षपदासाठी यंदाही एकच नाव आहे. टाळ्या पडल्या. भगवानराव म्हणाले, नको. गुरुजींनी कौतुकानं मान डोलावली आणि हाराचा कागद सोडायला घेतला, कारण आणखी दोन नको व्हायला फार वेळ लागत नाही हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. भगवानरावांनी मागे वळून पोराकडे पाहिलं. तीस-चाळीस माणसं होती. ऋत्विकच्या घशाला व्हायची ती कोरड झाली. पण त्या नजरेत त्याला ट्रॅक्टरवरची ती मांडीवर वाजणारी बोटं दिसली, आणि तो उभा राहिला.

“बाबा, देऊ का?”

“नको.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. हे काय चाललंय ते कोणाला कळेना. ऋत्विकनं मग थोडं अडखळत सांगितलं, की आमच्या मंडळात असं विचारलं आणि नको आलं की ते शेवटचं असतं. बाबांना खरंच नको आहे. गुरुजींच्या हातातला हार तसाच राहिला. त्यांना राग नव्हता आला, नुसतं नवल वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “मंग तुम्हाले पायजे तरी काय, अध्यक्ष?”

“ढोल,” भगवानराव म्हणाले. “आन अध्यक्ष नका म्हनू आता. भगवान नाव हाय माह्यं.”

पाराच्या अगदी कडेला बसलेले उकंडराव काठी टेकत उठले.

“मंग ये न बे भगवान,” ते म्हणाले. “ढोलाच्या दोऱ्या ढिल्या झाल्या हायेत, आवळाले एक मानूस कमी पडते.”

त्यांचं वाक्य संपायच्या आत भगवानराव उठून चपला घालत होते.